पावण्याचा निरोप

तात्याबाच्या तोंडात तीन दात शिल्लक होते आणि आष्ट्याची जत्रा दोन महिन्यांवर. डॉक्टर मोटवाणींना ओसरी द्यायची, त्यांच्याकडून फुकटात कवळी बसवून घ्यायची आणि जत्रेचं मटण हाडासकट खायचं, एवढा त्याचा सरळ हिशेब होता. फाळणीआधी कराचीत चार खुर्च्यांचा दातांचा दवाखाना चालवणारे मोटवाणी वळिवड्याच्या निर्वासित छावणीत रिकामे बसले होते. अवजारांची पेटी घेऊन ते लगेच आले.

पण गाव फिरकेना.

"हे कुनाचं म्हनायचं?" चावडीवर सयाजीनं विचारलं. "वळख न्हाई पाळख न्हाई, त्येच्याफुडं तोंड कसं उघडायचं?"

"आमचं पावनं हायती," तात्याबानं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर रांग लागली. महिन्यात त्रेसष्ट दात निघाले, पैसा एकही नाही. पावण्याला पैसे देणं म्हणजे तात्याबाच्या तोंडात मारणं. लोक ओंजळभर शेंगा ठेवत, "येतो पावनं" म्हणत आणि गाल धरून चालू लागत.

तात्याबाची वरची कवळी बसली. खालचीचा माल रोखीनं आणायचा होता. मोटवाणींनी पेटी आवळली.

"सांगलीला जातो, तात्याबाजी. तिथे मला कोणी ओळखत नाही. पैसे तरी देतील."

तात्याबा हबकला. नुसती वरची कवळी म्हणजे जात्याची एकच तळी. आणि लोकांनी पैसे द्यावेत म्हणून पावणा नव्हताच म्हणावं, तर परक्याला बायामाणसांच्या तोंडात हात घालू दिला म्हणून गाव सोलून काढणार.

"आवं, पावनं असं रिकाम्या हातानं वाटंला लावत्यात व्हय?" त्याची बायको बयाबाई चुलीपुढून म्हणाली. "आहेर करा की."

सांजच्याला चावडीपुढं घोंगडं पडलं. आहेर मोठ्यानं पुकारायची रीत; पुकारायला तात्याबाच उभा राहिला.

"सयाजी, दाढा दोन, दात एक... रुपाया!"

चारचौघांत दाढा मोजल्या गेल्यावर सयाजीनं मुकाट आठ आणे वाढवले. मग म्हणाला, "आता घरधन्याचं पुकारा, तात्या. पावनं तुमचं हायती. तुमचा आहेर भारी पायजे."

तात्याबानं तीस रुपये आणि धोतरजोडी ठेवली.

मोटवाणी हात जोडून उठले आणि पेटी घेऊन परत ओसरीवर गेले. निरोप झाला होता, जायचं तेवढं राहिलं. पुढं दर अमावस्येला गाव त्यांना निरोप देऊ लागलं.

खालची कवळी जत्रेआधी बसली. गावाला दात आठ आण्याला पडला. तात्याबाला कवळी मात्र सांगलीच्या दुप्पट पडली, तिथं जायच्यायायच्या मोटारीचं भाडं धरूनही. शिवाय दर अमावस्येला पहिला पुकारा घरधन्याचा.