‘जरासं’ समजणारं खोकं

मित्रांनो, मुकुटबनकडच्या एका तांड्यामागे सांडपाण्याची टाकी आहे. तिच्या काठावर बसवलेलं करडं खोकं म्हणजे मी. वय दोन वर्षं. आमच्या धंद्यात यालाच म्हातारपण म्हणतात.

टाकीत कोट्यवधी जिवाणू राहतात. ते घाण खातात, आणि खाताना त्यांना हवा लागते. ती पंपाने सोडायची. माझ्याआधी इथे एक खटका होता. त्याला दोनच गोष्टी यायच्या, चालू आणि बंद. जिवाणू एक तर गुदमरायचे, नाही तर फेसात गटांगळ्या खायचे.

मग तांड्यातलीच इंजिनिअर बबिता आली. टाकी सांभाळणाऱ्या नेमसिंगकाकांना तिने विचारलं, “काका, पंप केवढा सोडता?”

“पाणी लय गढूळ असलं तं बम सोडतो. जरासं असलं तं जरासा. यात काय विचारून राह्यली?”

बबिताने टाळीच वाजवली. काकांचं हे बोलणंच तिला हवं होतं. याला ‘फझी लॉजिक’ म्हणतात. तिने ते जसंच्या तसं माझ्यात भरलं. तेव्हापासून पाणी एकाच वेळी थोडं घाण आणि थोडं साफ असतं, हे मला पटतं. माणसांना हे पाण्याबद्दल पटत नाही, जावयाबद्दल मात्र लगेच पटतं.

गढूळपणा पाहायला मला पाण्यात सोडलेला डोळा आहे आणि पाण्यातली हवा हुंगायला नाक.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सांडपाणी खात्याचे हिरासिंगसाहेब टाकीच्या तपासणीला आले. “संध्याकाळपर्यंत पाणी साफ निघालं नाही तं हे खोकं काढा, खटका लावा,” त्यांनी बजावलं. बबिता नखं खाऊ लागली. आणि नेमकी तेव्हाच तांड्यात बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून धुवायची खांदमळणी सुरू झाली! त्याचं पिवळंधमक पाणी नालीतून थेट माझ्याकडे!

“लय गढूळ!” डोळा किंचाळला. मी पंप बम सोडला. पिवळं पाणी येऊन गेलं, तरी डोळा किंचाळतच राहिला. नाक म्हणालं, “पुरे, हवा लय झाली.” दोघांचा मान राखून मी पंप अर्ध्यावर आणला. तरी फेस काठावरून उतरून साहेबांच्या चपलांना भेटायला निघाला.

“काढा हे खोकं!”

“साहेब, जरासं थांबा,” काका म्हणाले.

“जरासं म्हणजे किती?”

“खोक्याले विचारा. त्याले समजते.”

बबिता माझे आकडे पाहत होती. “काका, नाक म्हणते हवा उरून राह्यली, म्हंजे पाणी साफ. अन् डोळा म्हणते घाण!”

“मंग डोळ्यातच काही गेलं असन.”

तिने डोळा वर ओढला. त्यावर तुपाचा हा जाड थर! तिने तो ओढणीने खसाखसा पुसला आणि मित्रांनो, मला जग दिसलं! थोडं गढूळ, बरंचसं साफ! मी पंप जरासा ठेवला. फेस मुकाट्याने खाली बसला.

संध्याकाळी साहेबांनी बाटलीत पाणी घेऊन उजेडाकडे धरलं. पलीकडे काकांच्या मिशा दिसल्या, पिकलेल्या केसांसकट.

“साफ हाये,” साहेब म्हणाले.

“किती साफ?” बबिताने विचारलं.

साहेबांनी विचार केला. “बरंचसं.”

मी राहिलो! पोळ्याला काकांनी मला बैलासारखं बाशिंगही बांधलं.

तर मित्रांनो, एवढंच करा. यंत्र चुकलं की उखडायच्या आधी त्याचा डोळा पुसून पाहा. मळक्या डोळ्याला सगळं जगच मळकं दिसतं. बैलांची खांदमळणी वर्षातून एकदा पुरते, माझी दर आठवड्याला करा.

फक्त तूप नको.