पंधरा नोंदी

माझ्याआधी ज्यांनी आमचं वाचनालय सांभाळलं, त्यांना सगळे खोडरबर म्हणायचे. पुस्तक कोणी नेलं ते शिसपेन्सिलीने कार्डावर लिहायचं आणि पुस्तक परत आलं की ते नाव खोडून टाकायचं, ही त्यांची पद्धत. अगदी कागद पातळ होईपर्यंत घासायचे. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होते आणि मला त्याची भयंकर चीड यायची. कसली आकडेवारी नाही, कसला हिशोब नाही. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "पुस्तक परत आलं ना? मग कोणी काय वाचलं ते आपल्याला कशाला हवंय?" म्हातारा आळशी आहे, असं मी मनात ठरवून टाकलं.

ते निवृत्त झाले आणि माझ्या हाती कारभार आला. मी संगणक आणला, दाराशी यंत्र बसवलं. सभासदाने कार्ड टेकवायचं, पुस्तक टेकवायचं, चिठ्ठी घ्यायची आणि चालू लागायचं. उद्घाटनाला मी भाषणही ठोकलं, की आता पुस्तक नेताना कोणालाही कोणाची नजर चुकवावी लागणार नाही. टाळ्या मिळाल्या. वर कारभार उघडा असावा म्हणून कार्यकारिणीच्या सातही जणांना सगळ्या नोंदी पाहायचा पासवर्ड देऊन टाकला. मागितला कोणीच नव्हता. मीच घरोघर जाऊन शिकवून आले.

त्या सातांपैकी एक माझे सासरे. ते प्रार्थनागृहाचेही कार्यवाह. माणूस वाईट नाही, पण एकदा देवाचं नाव घेतलं की वाद संपला, अशी त्यांची समजूत आहे. गेल्या महिन्यात त्यांनी एका पुस्तकावर बोट ठेवलं. मुलांच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या एका नर्सने ते लिहिलंय. लहान मूल दगावलं की 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होणाऱ्यांची तिने त्यात चांगलीच हजेरी घेतली आहे. पुस्तक कपाटातून काढा, अशी मागणी आली. मी बैठकीत तावातावाने बोलले. वाचायचं की नाही हे वाचणारा ठरवेल, आपण कोण, असं बरंच काही. पुस्तक राहिलं. मी जिंकले असं मला वाटलं, तोवर सासरे शांतपणे म्हणाले, "वाचू नका असं मी कुठे म्हणतोय? कोण वाचतं ते फक्त कळू दे. आम्ही घरी जाऊन समजूत काढू."

याला चार विरुद्ध तीन मतांनी मंजुरी मिळाली. सोमवारच्या बैठकीत यादी ठेवायची असं ठरलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यादी देणार नाही म्हटलं. पण माझ्या नकाराला काय किंमत होती? पासवर्ड त्यांच्या खिशातच होता.

शुक्रवारी मी स्वतःच ती नोंद उघडली. उघडायला नको होती, हे मला तेव्हाही कळत होतं. एकूण पंधरा नोंदी, बारा वाचक. अकरा जणांनी पुस्तक एकेकदा नेलेलं. चार वेळा नेणारं बारावं नाव माझ्या सासूबाईंचं होतं.

सासूबाईंची धाकटी मुलगी सातव्या वर्षी तापाने गेली. तिचा फोटो आमच्या घरी फळीवर आहे. त्यावरची धूळ त्या रोज पुसतात, पण तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण सासऱ्यांनी तेव्हाच सांगून टाकलंय, देवाची इच्छा. दुपारी माझा डबा घेऊन सासूबाई वाचनालयात यायच्या आणि जाताना त्या यंत्रापाशी रेंगाळायच्या. मला वाटायचं, त्यांना यंत्राचं कौतुक आहे.

मी यंत्रवाल्या कंपनीला फोन लावला. नोंदी पुसायच्या कशा? चार वेळा ताटकळल्यावर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, काळजी करू नका मॅडम, आमच्याकडे काहीही पुसलं जात नाही. मी फोन आपटला. राग तिचा नव्हताच. खोडरबरांना आळशी ठरवणाऱ्या बाईचा होता.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि सासरे टॅब्लेट घेऊन बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. वरचा ठळक आकडा तेवढा दिसला होता.

"सूनबाई, पंधरा नोंदी आहेत. नावं वाच. मी लिहून घेतो."

नाही म्हटलं असतं, तर त्यांनी शेजाऱ्याला बोलावलं असतं. सासूबाई ताटं गोळा करत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला दिसला. मी मुद्दाम हळूहळू वाचत गेले. तीन नावं झाली. चौथ्याला मी माझंच नाव घेतलं. सासऱ्यांनी मान वर केली, पण लिहिलं. सातव्यालाही माझंच. अकराव्याला, चौदाव्यालाही माझंच. पंधरावी नोंद संपली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चार वेळा नेलंस? एकदा वाचून कळलं नाही का तुला?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "तिने नाही, मी नेलं. मला तिसऱ्यांदा वाचून कळलं. चौथ्यांदा नुसतंच जवळ ठेवलं होतं."

आवाज चढला नव्हता. हातातली ताटं तशीच होती. सासऱ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या फोटोकडे. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समोरचा कागद उचलला, चौकोनी घडी घातली, मग तिचे तुकडे केले. मग टॅब्लेट माझ्याकडे सरकवला.

"हे पुसून टाक."

"पुसता येत नाही, बाबा."

"मग निदान तिचं नाव तरी लपव. उद्या बैठक आहे. ते लोक घरी येतील तिची समजूत काढायला."

ते लोक म्हणजे कोण, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उरलेल्या अकरा घरांचं काय, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर मला तरी कुठे तोंड होतं?

"पासवर्ड बाकीच्या सहा जणांकडेही आहे," मी म्हटलं. "मीच दिलाय. आणि त्यांना बारीक अक्षर दिसतं."