ओल्या बाळंतिणीला सांगू नये

जानकीचं दूध कमी झालं तेव्हा मुलगी दीड महिन्याची होती. मुंबईतल्या नाहूरच्या त्या दीड खोलीत मग उपायांची रांगच लागली. सासूने, रुक्मिणीबाईंनी, अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू वळले, शतावरी दुधात कालवून हातात दिली. दूध वाढतं म्हणून शेजारून मुशी माशाचं कालवण आलं. जानकीने नाक न मुरडता सगळं खाल्लं. पण मुलगी चोखून चोखून दमायची आणि रडतच झोपायची. शेवटी आरेच्या केंद्रावरून बाटली यायला लागली, तर ते दूध तिला पचेना.

"माझ्यातच काहीतरी खोट आहे," जानकी म्हणायची.

"खोट कसली? तू खा गो," रुक्मिणीबाई म्हणायच्या, आणि तेही गोड आवाजात.

त्या गोड आवाजाचीच जानकीला धास्ती वाटायची. लग्नाला चार वर्षं झाली. मीठ कमी पडल्यावरून, केर राहिल्यावरून, दूध उतू गेल्यावरून सासूने तिला एक दिवस सोडलं नव्हतं. आता महिनाभर चकार शब्द नाही. परवा भात करपला, तर म्हणाल्या, "असूं दे, करपटसो बरो लागता." जयवंत मरोळच्या कारखान्यातून आला की मायलेक गॅलरीत कुजबुजायचे, आणि ती दारात आली की गप्प.

काय असेल? नोकरी गेली असेल. नाहीतर मुलीत काही दोष निघाला असेल. त्यात गावाहून बाबांचं कार्ड येईना. धाकू परब दर बाजाराच्या दिवशी कुडाळला जात आणि लेकीला चार ओळी टाकत. त्यात कधी खंड पडला नव्हता. आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथे झालं, त्याचाच राग धरला असेल, असं तिने मनाशी घेतलं. जयवंतला विचारलं तर तो म्हणाला, "पोस्टाची वाट लागलीय गं सध्या," आणि लंगोट वाळलेत का ते बघायला उठून गेला. आजवर त्याने लंगोटाला हात लावला नव्हता.

त्या मंगळवारी दवाखान्यात मुलीला काट्यावर ठेवलं. तीन आठवड्यांत वजन वाढायचं सोडून पाव किलोने उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी जानकीला तपासलं.

"झोप लागते?"

"नाही."

"का?"

जानकीने सासूकडे पाहिलं. बाईंनीही मग तिकडेच पाहिलं.

"आजी, घरात काय चाललंय? हिच्यात काही बिघाड नाही. ही घाबरलीय. घाबरलेल्या बाईला पान्हा फुटत नाही. नुसते लाडू चारून काय होणार? जे असेल ते बोलून टाका. पुढच्या मंगळवारी वजन असंच राहिलं, तर मुलीला भरती करायला लागेल."

"काय नाय हो, डॉक्टर," रुक्मिणीबाई म्हणाल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

घरी आल्यावर जानकीने मुलीला खाटेवर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. "आई, यांची नोकरी गेली ना?"

"नाय गो."

"मग मुलीला काही झालंय?"

"शिरा पडो त्या बोलण्यार!"

"मग सांगा तरी काय ते! नाहीतर मी हिला घेऊन आजच बाबांकडे जाते."

रुक्मिणीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "खय जातलंस? तुझो बापूस नाय रवलो, जानके. म्हयनो झालो."

जानकीला आधी काही कळलंच नाही. मग एकेक जुळत गेलं. जयवंत कंपनीच्या कामाला म्हणून तीन दिवस पुण्याला गेला होता, आणि येताना पिशवीत कोकमं होती.

"हे गेले होते?"

"खांदो दिल्यान त्याने. मीच म्हटलंय, तिका सांगू नुको. ओली बाळंतीण. आयकलंस तर दूध आटात."

"कसे गेले?"

"परसात माडाकडे बसलेले. बसल्या जाग्यार. तरास नाय झालो."

जानकी रडली नाही. मुलीचं दुपटं पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली. रुक्मिणीबाई उठल्या, स्टोला पंप मारला आणि पाणी तापत ठेवलं. मरणाची बातमी कितीही उशिरा कळली तरी कळल्यावर आंघोळ करायची, ही रीत. मोरीत पाटावर बसवून त्यांनी तिच्या डोक्यावरून पहिला तांब्या ओतला, आणि जानकीच्या तोंडून "बाबा" असा मोठा हंबरडा फुटला. रुक्मिणीबाई तांब्यामागून तांब्या ओतत होत्या आणि स्वतःही रडत होत्या. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

बादली सरत आली तेव्हा हुंदके जरा उतरले. बाहेर मुलगी उठून रडायला लागली होती. त्या आवाजासरशी जानकीच्या छातीत कळ आली, महिनाभर विसरलेली, आणि पोटावरून ओघळणाऱ्या पाण्यात पांढरी धार मिसळली.

"थांब, उठू नुको," रुक्मिणीबाई धावल्या. "चेडवाक हाडतंय." त्यांनी मुलीला उचलून मोरीत आणलं.

ओल्या अंगाला लुगडं गुंडाळून जानकी तिथेच पाटावर पाजायला बसली. मुलगी घटाघटा पीत होती, दूध हनुवटीवरून गळत होतं. केसातलं पाणी तिच्या कपाळावर पडू नये म्हणून रुक्मिणीबाई सुनेचे केस मागे धरून उभ्या होत्या.

"आई, पुन्हा माझ्यापासून असं काही लपवायचं नाही."

"नाय लपवूचंय. आता दुसऱ्या अंगाक घे तिका. आणि नीट बस, पाठ मोडात."