बदकांच्या चादरीचा आळ

नवीन वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी कोरियातल्या मोकपो शहरातल्या त्या घरात लग्नघराची गडबड. बस चालवणारा जोंगमुन, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी त्याची बायको, रोज मैदानाची माती अंगावर घेऊन येणारे जुळे पोरगे आणि नुकतीच पहिलीत गेलेली सोदाम. एवढ्यांचे कपडे धुऊन धुऊन जुनं मशीन बिचारं खडखडतच गेलं होतं. नव्याला पुढून गोल काचेचं दार. सगळे त्याच्यापुढे मांड्या ठोकून बसले, टीव्हीपुढे बसावं तसे.

"अगं बाई, आतलं सगळं दिसतंय की!" जोंगमुनची आई मालसून मागून म्हणाली. "रोज चड्ड्यांची जत्रा बघायची म्हणा आता."

सगळे खो-खो हसले. म्हातारी बोलली की हसायचं, हा त्या घराचा रिवाज. उभ्या गल्लीत तिने टोपी घातली नाही असा माणूस सापडायचा नाही. पण त्या दिवशी हसता हसता तिची नजर त्या काचेवरच अडकली, ते कुणाला दिसलं नाही.

दोन महिन्यांपासून अधूनमधून पहाटे तिला अंथरूण ओलं लागायचं. त्र्याहत्तर वर्षांची बाई, सांगणार कुणाला? जुन्या मशीनचं झाकण उचलायचं, चादर कोंबायची, घर जागं व्हायच्या आत गच्चीवर वाळत टाकायची. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "घाम गं, म्हातारपणाचा." पलीकडच्या गल्लीतल्या दोकजाचं असंच तिसऱ्यांदा उघडकीला आलं, आणि त्याच आठवड्यात मुलाने तिला वृद्धांच्या रुग्णालयात नेऊन ठेवलं. थोडेच दिवस, म्हणाला होता. त्याला वर्ष झालं. मालसूनला तिथे जायचं नव्हतं. तिला याच घरात, नातीला कुशीत घेऊन निजायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

शनिवारी पहाटे पुन्हा तेच झालं. आजी-नातीचं अंथरूण एकच, त्यामुळे सोदामचा पायजमाही एका बाजूने भिजला होता. मालसूनने पोरीला अलगद सरकवलं, खालची बदकांची चादर ओढली आणि नव्या मशीनमध्ये टाकून बटण दाबलं. दार खाटकन बंद झालं. आकडे उमटले, एक तास पन्नास मिनिटं. तोवर तर सगळं घर उठणार. तिने दार ओढलं, बटणं दाबली, एक थापही मारली. मशीन ढिम्म.

"आई, एवढ्या पहाटे काय धुताय?" केस बांधत सून मागे उभी. काचेआड पिवळी बदकं गरगर फिरत होती. सुनेने खोलीत डोकावून पोरीचा पायजमा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सोदाम! अगं, शाळेत जायला लागलीस ना तू?"

पोर डोळे चोळत उठली. "मी नाही केलं."

"मग काय बदकांनी केलं?" जोंगमुन दात घासत म्हणाला. जुळे भाऊ गडाबडा लोळायला लागले. तो मालसूनकडे वळला. "आई, आठवतं? लहानपणी मी अंथरूण भिजवलं, तर पाखडायचं सूप डोक्यावर देऊन मला शेजारी मीठ मागायला पाठवलं होतंस! अख्खी गल्ली जमवली होतीस!"

"मी नाही केलं! आजी, सांग ना गं!"

मालसूनने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होता. पण समोर सून उभी, मुलगा उभा, आणि मनात दोकजा. तोंडातून बाहेर पडलं ते नुसतं हसू. मग तर सगळ्यांनाच ऊत आला.

जोंगमुनने गच्चीवरच्या रांजणांमागून धान्य पाखडायचं जुनं सूप काढलं आणि पोरीच्या डोक्यावर ठेवून तिला मीठ मागायला धाडलं. शेजारच्या पिल्सुक काकूंनी रिवाजाप्रमाणे वाटीभर मीठ दिलं आणि भाताच्या पळीने सुपावर दोन टपल्या मारल्या. "पुन्हा करशील? बोल!" काकूंच्या मागे त्यांची नात उभी होती. सोदामच्याच वर्गातली.

सोदाम परत आली तेव्हा रडत नव्हती. मिठाची वाटी आईच्या हातात दिली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मालसूनने तिला हसवायला जीभ काढून दाखवली, कान हलवले, नाकात मुळ्याची काडीसुद्धा खुपसली. पोर बघेचना.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सुनेने समुद्री शेवाळाचं सार केलं होतं, सोदामच्या आवडीचं. पोरीने वाटी दूर सारली.

"अगं, दुपारी दूधही नाही घेतलंस. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात."

"मला तहान नाही."

मग ती आजीच्या कानाशी लागली. "आजी, खरंच मला कळलंच नाही गं, मी कधी केलं ते. तुला कळलं होतं?"

मालसूनच्या हातातला चमचा तिथेच थांबला. सकाळपासून ती स्वतःला समजावत होती, पोरांना काय, दोन दिवसांत विसरतात. पण ही पोर विसरली नव्हती. हिने कबूल करून टाकलं होतं. न केलेलं.

"ऐका रे," ती म्हणाली. सगळ्यांनी हसायच्या तयारीने माना वर केल्या. "चादर मी भिजवली. हिने नाही."

जुळ्यांतला एक फिसकन हसला. बापाने त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"आजची पहिली नाही. दोन महिने चाललंय. सकाळी मी पोरीला सुपाखाली ढकललं आणि स्वतः सुटले." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "आता मला कुठे पाठवायचं ते तुम्ही ठरवा."

जोंगमुन ताटाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. सुनेने हातातली पळी खाली ठेवली.

"म्हणून तुम्ही सार घ्यायचं बंद केलंत?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली." तिने डोळे पुसले, नंतर जरा रागानेच म्हणाली, "कुठे पाठवायचं म्हणे! सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. मी रजा टाकते. पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे म्हणजे काय, ते मालसूनने विचारलं नाही.

"आजी," सोदाम म्हणाली, "तू मला खोटं पाडलंस."

"हो."

"मग सॉरी म्हण."

"ए, आजीला असं बोलतात?" जोंगमुन म्हणाला.

"बोलू दे तिला," मालसून म्हणाली. मग गुडघ्यांवर हात ठेवून ती नातीकडे पूर्ण वळली. "चुकले मी, सोदाम. सगळ्यांदेखत चुकले. उद्या पिल्सुककडे जाऊन, तिच्या नातीदेखतही सांगते."

या वेळी ती गंमत करत नव्हती. पोरीने तिचा चेहरा नीट पारखून घेतला, कारण या आजीचा तसा भरवसा नव्हता. मग दूर सारलेली वाटी तिने जवळ ओढली, दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि गटागटा संपवली.

"अजून," ती आईला म्हणाली.

सुनेने तिची वाटी भरली, आणि न विचारता सासूचीही.