माझ्या अंगावरची सोनेरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण जन्मतः मी दगडही नव्हतो, समुद्राच्या तळाचा चिखल होतो. वर थरावर थर साचले, खालून उष्णता लागली आणि माझे रूपच पालटले. चिखलाचा चकाकणारा अभ्रक झाला, मध्येमध्ये तामडीचे लाल खडे तयार झाले. तडे गेले तिथे गरम पाणी शिरले आणि पांढरी गारगोटी मागे ठेवून गेले. तिच्यात सोमल हे विष असलेले एक चंदेरी खनिज आहे. हातोडी मारली की त्याला लसणासारखा वास येतो. त्याच्या बारीक भेगांत कधी कधी सोने लपलेले असते. म्हणून तर माणसे आमच्या मागे हात धुऊन लागतात.

सोन्याच्या शोधात डोंगराला भोक पाडणाऱ्या यंत्राने मला बाहेर काढले. तपासणीच्या खोलीत भूवैज्ञानिक बाईंनी माझी चकती कापली, घासून गुळगुळीत केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"साहेब, सापडलं!" त्या शोधमोहिमेच्या प्रमुखांना ओरडून म्हणाल्या.

माझ्या अंगावर सोनेरी रेघ होती. इतके दिवस कुणाच्या हाती काही लागले नव्हते, काम गुंडाळायचेच घाटत होते. आता जो तो मला बघायला येऊ लागला. डोंगर फोडून खाण काढायचे ठरले. मीही जरा शेफारलो.

बाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी मला पुन्हा तपासले. रेघ भेगेत नव्हतीच. गारगोटी, खनिज, अभ्रक, सगळ्यांवरून ती सरळ ओढल्यासारखी गेली होती. बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिले. त्या खोलीत सोने घालून यायची मनाई होती, पण नवऱ्याने दिलेली नवी अंगठी काढणे त्यांच्या जिवावर आले होते.

"साहेब, हे माझ्या अंगठीचं सोनं आहे. घासलं गेलंय."

साहेबांचा चेहरा पडला. "कुणाला सांगू नका. काम बंद झालं तर सगळे घरी बसू. आधी तुम्ही."

"बसेन," बाई म्हणाल्या. "पण खोटं सांगून डोंगर फोडायचा नाही."

त्यांनी मला पुन्हा घासले. रेघ गेली, खाली काही नव्हते. खरे सांगतो, मला वाईट वाटले. कौतुकाची चटक लागली होती.

लवकरच खोली रिकामी झाली. बाईंची नोकरी गेली. निघताना त्यांनी मला पेटीत, डोंगरात माझ्या शेजारी असलेल्या तुकड्यांना जुळवून, नीट बसवले.

मित्रांनो, आम्हाला हात लावाल तेव्हा रिकाम्या, स्वच्छ हातांनी लावा. आमच्यात जे नाही ते आमच्या माथी मारू नका. आता मला बघायला कुणी येत नाही. पण माझा डोंगर अजून जागेवर उभा आहे.