शिवणीतली दोन बोटं

"अगं, हे तर नाचतंय!" स्क्रीनवरची नजर न हटवता बाबा म्हणाले.

कापडं बेतायच्या टेबलावर, कात्रीशेजारी लेकीचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात त्यांचंच घर भूकंपात झुलत होतं. इमारती भूकंपात कशा वागतील हे कॉम्प्युटरवर पाहणं हेच तिचं काम. परक्यांच्या कितीतरी इमारती तिने बसल्या जागी, बिनदिक्कत पाडल्या होत्या. स्वतःचं घर मात्र टाळत आली होती.

वरचे दोन मजले ताठ होते. खाली दुकानाचे खांब तेवढे लवत लवत आडवे झाले. दुकानाची दाराशेजारची, रस्त्याकडची भिंत बाबांनीच पाडली होती, आईची नजर अधू झाली तेव्हा, उजेड यावा म्हणून. त्या उजेडात बसून आई शेवटपर्यंत काजबटणं करत राहिली. तिचं स्टूल अजून तिथेच होतं.

"बांधून टाक भिंत," बाबा हळूच म्हणाले. "वर तुझा भाऊ आहे, वहिनी आहे, पोरं आहेत."

काम फत्ते झालं होतं. गप्प बसली असती तरी चाललं असतं, पण तिला राहवेना.

"बाबा, खरं एवढं हलत नाही. डोळ्यांना दिसावं म्हणून तीसपट वाढवून दाखवतात."

"म्हणजे मला घाबरवलंस होय?" बाबा उखडले. "मग खरं किती?"

तिने दोन बोटं जुळवून दाखवली.

"हात्तिच्या! एवढं तर मी शिवणीत सोडतो!"

"तुम्ही सोडता, म्हणून अंगाला कमी पडलं की उसवता येतं. आपल्या खांबांत कुणी काही सोडलेलंच नाही, बाबा. ते एवढ्यातच मोडतात."

बाबा तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"निदान एक खिडकी?"

"नाही हो. सलगच हवी."

तिला फार वाईट वाटलं. आईला आपणच दुसऱ्यांदा घराबाहेर काढतोय, असं वाटलं.

"गवंड्याला सकाळी बोलव," बाबा म्हणाले. "दुपारी नको. दुपारी तिथे ऊन येतं."

भिंत छातीपर्यंत आली तरी बाबा मशीनवरून उठले नाहीत. वरची फट बुजली, तेव्हा त्यांनी भर दिवसा दिवा लावला आणि आईचं स्टूल उचलून त्याच्या खाली आणून ठेवलं.