सुपारीचं खांड

गौराबाईंचा उजवा गाल इतका सुजला होता की कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्याही एका अंगाला कलल्यासारख्या दिसत होत्या. तरी त्या दाताच्या दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. सुनेनं, धनश्रीनं, का म्हणून विचारलं तर त्यांच्याकडं कारणांचा तुटवडा नव्हता. बाईंनी घरात साखर कधी संपू दिली नाही आणि कारणंही कधी संपू दिली नाहीत.

“बाहेर ऊन किती हाय.”

“सकाळी जाऊ, आत्याबाई.”

“सकाळी ती कुसुमबाई दारात बसलेली असती. कुठं चालल्या म्हणून विचारती.”

“विचारू द्या की.”

“तिला एक जबाब दिला की गंगाखेडभर वाटती ती. आपल्या तोंडातलं गावाच्या तोंडात कामून घालायचं?”

दुपारी ताप चढला. तोंड चमचा जाईल एवढंही उघडेना. तेव्हा खरं कारण त्या फटीतूनच बाहेर आलं.

“दात काढला आन् माझ्या हातात न्हाई दिला, तर?”

हे कारण धनश्रीला खोडता येण्यासारखं नव्हतं. लिंगायतांत मयताला बसवून समाधी देतात, डाव्या हातात त्याचं इष्टलिंग असतं. पण उजव्या हाताचं जे होतं ते फक्त या घरात होतं. उजव्या मुठीत त्या माणसाचे आयुष्यभरात निघालेले दात ठेवायचे. अंगातून जे निघालं ते अंगाबरोबर मातीत गेलं पाहिजे, नाहीतर माणूस ते शोधत बसतो, असं घरातली जुनी माणसं सांगत. म्हणून प्रत्येकाची एक पितळेची डबी, डबीत विभूती आणि विभूतीत दात. दुधाचे दात आणि नखं-केस यात धरत नसत. घराणं दुकानदारांचं होतं, सूट कुठं द्यायची हे त्यांना बरोबर कळत होतं.

गौराबाईंचे मालक रेवणसिद्ध गेल्या उन्हाळ्यात अचानक वारले. कापडाचं दुकान होतं त्यांचं. गिऱ्हाइकाला बोटभर कमी दिलं नाही आणि बोटभर जास्तही दिलं नाही, असा माणूस. त्यांना शौक एकच, सुपारीचा. घरात अडकित्ता असून ते सुपारी दाढेनं फोडत. दुपारी जेवून खुर्चीत बसले की ‘कट्’ असा आवाज यायचा, आणि मग घर झोपायचं. त्या दाढेत हैदराबादहून भरून आणलेली चांदी होती. एकदा सुपारी जिंकली आणि चांदीचा कोपरा उडाला. पुढं दाढच ठणकायला लागली तेव्हा गावातल्या दवाखान्यात जाऊन त्यांनी ती काढून घेतली, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, “ठेवली डबीत.”

ते गेले त्या दिवशी स्वामी दारात थांबलेले, माणसं जमलेली, आणि गौराबाईंनी डबी उघडली. विभूतीत कागदाची पुडी होती. पुडीत दाढ नव्हती, तर सुपारीचं एक खांड होतं. गिऱ्हाइकांच्या घाईत दाढ मागायचं राहून गेलं असणार, आणि बायको पुडी कशाला उघडून बघते, असा हिशोब केला असणार. मापात कधी न चुकलेला माणूस तेवढ्या ठिकाणी चुकला. बाईंनी हूं की चूं न करता ते खांड त्यांच्या मुठीत ठेवलं, बोटं मिटली आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

त्यानंतर घरात तो आवाज यायला लागला.

दुपारी, जेवणं झाल्यावर, रिकाम्या खुर्चीकडून. कट्.

“पत्रा तापतो, त्याचा आवाज,” धनश्री म्हणायची. पत्रा रोज एकदाच, जेवणानंतरच आणि खुर्चीपाशीच कसा तापतो, हे तिनं कधी विचारलं नाही. सून हुशार होती. ज्या प्रश्नाचं उत्तर घरात मुक्कामाला येईल तो प्रश्न ती काढत नसे. वर्ष भरत आलं तसा गौराबाईंचा दात दुखायला लागला. उजवीकडची खालची दाढ. मालकांची होती तीच.

शेवटी त्यांना रिक्षात घालूनच नेलं.

डॉक्टर शुभदा मूळच्या परभणीच्या. आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना त्यांनी खुर्ची, कपाटं आणि मदतनीस दत्ता यांच्यासकट घेतला होता. दाताची रीत त्यांनी न हसता ऐकली. बाईंनी डॉक्टरच्या खात्यात तेवढं जमा धरलं.

“आजी, दात तुमचा, तुमच्याच हातात देईन. पण आधी सूज उतरू द्या. पू गळ्यात उतरला तर मग दाताचं नाही, जिवाचं बघावं लागेल.”

“जीव जाईना का. अख्खी गेले म्हणजे झालं.”

“आत्याबाई!” धनश्री म्हणाली.

“तुला काय, तुझे सगळे दात जाग्यावर हायेत.”

गोळ्यांनी ताप गेला, गाल उतरला. शुगर, बीपी तपासून झालं. मग डॉक्टरांनी काढायच्या दिवशी काय काय होईल ते नीट समजावलं. आधी सुई टोचेल, तेवढंच दुखेल. मग ओठ आणि जीभ परक्याची असल्यासारखी वाटेल. दाढेची मुळं वाकडी आहेत, सरळ ओढून येणार नाही, हिरडी थोडी उघडून दाढेचे तुकडे करावे लागतील.

“दाब वाटेल आजी, दुखणार नाही. आणि एक आवाज येईल, कट् असा. तो कानात फार मोठा वाटतो. घाबरायचं नाही.”

गौराबाईंनी धनश्रीकडं बघितलं. धनश्रीनं भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडं.

काढायच्या दिवशी सगळं डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. ओठ परका झाला, जीभ परकी झाली. डोळ्यांवर हिरवं फडकं, तोंडात पाणी ओढणारी नळी. यंत्राची घरघर थांबली, डॉक्टरांनी हत्यार फिरवलं, आणि आवाज आला. कट्. बाईंच्या अंगाखालची खुर्ची दवाखान्यातली होती, पण आवाज घरातल्या खुर्चीचा होता. त्यांनी धनश्रीचं मनगट असं धरलं की बांगडी वाकली.

टाके पडले. कापसाचा बोळा दाताखाली दाबायला दिला. डॉक्टरांनी बजावलं, तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, आज चूळ भरायची नाही, मिश्री आठवडाभर बंद. “खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, ती हलली तर फार दुखेल. बाहेरून बर्फ लावा, गार आणि मऊ खा. कडक काही नाही.” तेवढ्यात बाहेर एक लेकरू रडायला लागलं, तशा त्या हातमोजे काढत उठल्या. “दत्ता, आजींचा दात बांधून दे.”

दत्तानं पांढऱ्या जाळीच्या कापडात पुरचुंडी बांधली आणि दोन्ही हातांनी दिली, अंगारा द्यावा तशी. “घ्या मावशी, अख्खा हाय.”

घरी गौराबाई बोळा चावत बसल्या आणि धनश्रीनं डबी आणली. पुरचुंडी सोडली. दाढ स्वच्छ होती, जराशी पिवळट, अख्खी. धनश्रीच्या मनात आधी आलं, तुकडे केले होते ना? मग तिनं ती उजेडात धरली. वर काळपट निळी चांदी होती.

“आत्याबाई, तुमच्या दाढेत चांदी कुठं होती?”

बाईंना बोलायची मनाई होती. त्यांनी दाढ घेतली आणि चांदीवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्याशी बोट थांबलं. कोपरा उडालेला होता. या दाढेत त्यांनी बॅटरी धरून किती वेळा लवंगेचं तेल सोडलं होतं. बोळ्यावर त्यांचा जबडा आवळत गेला. बोलता येत असूनही वर्षभर जी गोष्ट सांगितली नाही, ती सांगायचं मन झालं तेव्हा तोंड बंद होतं.

तास भरला, बोळा काढला. परक्या ओठानं त्या म्हणाल्या, “ह्यांची हाय.” आणि मग पुडीचं, खांडाचं, मुठीचं सगळं सांगितलं.

धनश्री तशीच दवाखान्यात गेली. दत्तानं आधी इकडं तिकडं बघितलं, मग कबूल केलं.

“वहिनी, मावशीच्या दाढेचा भुगा झाला होता. रक्ताचे तुकडे. म्हाताऱ्या माणसानं ते बघून काय करावं? अख्खी गेले म्हणजे झालं, असं म्हणल्या होत्या त्या, मी ऐकलं होतं. म्हणून जुन्या बरणीतली एक चांगली बघून दिली.”

“कुठली बरणी?”

कपाटाच्या खालच्या खणात काचेची बरणी होती. आधीचे डॉक्टर काढलेले दात धुऊन तीत ठेवत, दाताच्या कॉलेजातल्या पोरांना हात बसवायला. बरणी दातांनी गळ्यापर्यंत भरलेली होती.

“एवढ्यातली हीच कामून काढली?”

दत्ता डोकं खाजवत राहिला. “काढली न्हाई वहिनी. झाकण उघडलं तर हीच वर होती.”

“आणि आत्याबाईंचे तुकडे?”

“पिवळ्या पिशवीत. कचऱ्याची गाडी मघाशीच येऊन गेली.”

डॉक्टर शुभदांचा चेहरा उतरला. दत्ताला त्या जे बोलल्या ते बोलल्याच, पण धनश्रीपुढं हात जोडून म्हणाल्या, “शब्द मी दिला होता. आजींना काय तोंड दाखवू?” त्यांनी गाडीवाल्याला फोन लावला, पण पिशव्या पुढं जाळायला गेल्या होत्या, आणि तिथं एकदा गेलेलं परत मिळत नाही.

धनश्री घरी आली ती रडं धरूनच. गौराबाई मात्र गार दूधभात गिळत शांत बसल्या होत्या.

“गेली न्हवं माझी? मला वाटलंच. फुकट कधी काही दिलंय होय ह्यांनी? आपली पाठवली आन् माझी ठेवून घेतली.”

“आत्याबाई, दत्ताची चूक हाय ती.”

“दत्ताची असंल. हिशोब ह्यांचा हाय.”

टाके काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी समाधीवर गेल्या. घाई होती, कारण वर्ष भरल्यावर ओटा बांधायला मिस्त्री येणार होता, आणि सिमेंट पडल्यावर दाढ आत जाणार नव्हती. गोदावरीकडच्या त्या मोकळ्या जागेत सकाळीच झळा सुटल्या होत्या. पाखरू नव्हतं. मातीचा उंचवटा भेगाळून गेला होता. गौराबाईंनी उजव्या हाताची बाजू कोणती ते बघितलं, तिथं बेलाचं पान ठेवलं आणि खुरप्यानं उकरायला सुरुवात केली. वीतभर गेल्यावर खुरपं कशाला तरी लागलं.

बाईंनी बोटांनी माती सारली. सुपारीचं खांड होतं.

मूठ पुरुषभर खाली होती, आणि खांड वीतभर खाली. एका बाजूनं ते मातीनं काळं पडलं होतं. दुसऱ्या बाजूनं ताजं फुटलेलं होतं, आतून पांढरं.

“उंदरानं आणलं असंल वर,” धनश्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“असंल,” गौराबाई म्हणाल्या. त्यांनी दाढ खड्ड्यात ठेवली, विभूती सोडली, माती लोटली आणि वरून तळवा फिरवला, लेकराला थोपटावं तसा. मग खांड पदराच्या टोकाला बांधलं.

“ते कशाला घेताय?”

“माझ्या डबीत ठेवायला. माझ्या वेळी तू मुठीत ठेवशील. रिकामी कशी जाऊ?”

“हे तुमचं कुठं हाय, आत्याबाई?”

“ह्यांनी वर्षभर चालवून घेतलं की,” गौराबाई म्हणाल्या, आणि फाटकाकडं चालायला लागल्या.

त्या दुपारी धनश्रीनं भांडी आवरली आणि कान देऊन उभी राहिली. खुर्चीकडून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पत्रा तसाच तापत होता. ओटा बांधून झाला. तिनं ती खुर्ची पुसून पुढच्या खोलीत नेली, पाहुण्यांना.

मग एका दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली आणि दारातच थांबली.

कट्.

गौराबाई चटईवर उजव्या कुशीला पडल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. उशाशी पितळेची डबी, झाकण लावलेली. उजवा गाल मात्र हलत होता. आतल्या आत, सावकाश, ज्या बाजूला दाढ नव्हती त्या बाजूनं.

धनश्रीला ओरडायचं होतं. पण घाबरलेलं माणूस हाताशी असलेलं वाक्य उचलतं, आणि तिच्या हाताशी डॉक्टरांचं होतं.

“आत्याबाई, कडक खाऊ नका म्हणलंय ना डॉक्टरांनी?”

गाल थांबला. गौराबाईंनी एक डोळा उघडून सुनेकडं बघितलं.

“मी कुठं खायलेय?”